ढेकणाचा बाप

सरोजिनीला मधमाश्यांच्या पेटीखाली पहिल्यांदा मेलेल्या माश्या दिसल्या, तेव्हा कुंपणापलीकडच्या शेतात बुधाजी वालावर पावडर मारत होता. फडक्याच्या पुरचुंडीत पावडर भरून, ती काठीला बांधून, तो एकेका ओळीवर झटकत चालला होता. वारा नदीकडून येत होता आणि पांढुरका धुरळा हळूहळू तिच्या परसाकडे सरकत होता. सरोजिनीने खालच्या माश्यांकडे पाहिलं, मग त्या धुरळ्याकडे पाहिलं, आणि दोन्हींचा संबंध तिच्या मनात तिथेच जुळून गेला.

सत्तर सालचा पौष महिना होता. दहिवलीत नदीच्या बाजूला तिचं घर होतं. नवरा नरहर रसायनीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचा तो शनिवारी संध्याकाळी यायचा. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती. आठवडाभर घरात सरोजिनी एकटीच.

दोन वर्षांपूर्वी कर्जतला मधमाशीपालनाचं शिबिर भरलं होतं. तिच्याबरोबर नाव दिलेल्या बायका पहिला डंख बसल्यावर घरी गेल्या. सरोजिनीचा डावा डोळा सुजून मिटला होता, तरी ती उरलेल्या एका डोळ्याने शेवटपर्यंत शिकली आणि सातेरी माश्यांच्या दोन पेट्या घेऊन आली. परसात, आंब्याच्या सावलीत, चार पायांच्या घडवंचीवर त्या पेट्या ठेवल्या होत्या. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी. सकाळी उठल्यावर आधी पेट्यांकडे जायचं आणि मग चूल पेटवायची, अशी तिला सवयच लागली होती. पेटीच्या तोंडाशी असलेल्या फळीवर उतरणाऱ्या माश्यांच्या पायांना पिवळा पराग लागलेला दिसला की तिला आत कुठेतरी बरं वाटायचं.

आणि दुसरं बरं वाटायचं ते गौराबाई आली की. गौराबाई म्हणजे बुधाजीची बायको. दोघींचं वय जवळजवळ सारखंच. दुपारी शेतातलं काम उरकून ती कुंपणाच्या फटीतून आत यायची, मागल्या दाराच्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, "वयनी, टाका च्या." चहा व्हायचा, आणि बोलणं मात्र चहा संपून तासभर झाला तरी चालूच असायचं. माश्यांना गौराबाई भ्यायची. पायरीवरूनच विचारायची, "आज काय म्हणते तुमची राणी?"

मेलेल्या माश्या दिसल्या त्या दिवशी सरोजिनी कुंपणापाशी गेली आणि तिने बुधाजीला हाक मारली.

"बुधाजी, ती पावडर माझ्या माश्यांवर येतेय हो."

बुधाजी थांबला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. "मावा पडलाय वालावर. ग्रामसेवक बोलला, पावडर मारा, नायतर शेंग धरायची नाय."

"मारा, पण संध्याकाळी मारा. माश्या घरी आल्यावर."

"बरं," तो म्हणाला. आणि तेव्हापासून खरंच तो दिवस कलल्यावरच पावडर मारू लागला.

पण मेलेल्या माश्या थांबल्या नाहीत. रोज सकाळी घडवंचीखाली पाच-सात पडलेल्या असायच्या, कधी त्याहून जास्त. सरोजिनी त्या झाडून टाकायची आणि दिवसभर तिचं कशात लक्ष लागायचं नाही. दुसऱ्या पेटीतल्या माश्यांची ये-जा कमी झाल्यासारखी वाटत होती. रविवारी नरहरला दाखवलं तर तो म्हणाला, "पेट्या हलव दुसरीकडे." कुठे हलवायच्या ते मात्र त्याला सुचलं नाही, आणि सोमवारी तो निघून गेला.

मग एका सकाळी खाली मूठभर माश्या पडलेल्या दिसल्या आणि तिचा तोल गेला. शेतात तेव्हा बुधाजी एकटा नव्हता. त्याचा मेव्हणा सदू आला होता, तण काढायला गावातल्या दोन बायका होत्या, आणि बांधावर गौराबाई भाकऱ्यांची टोपली उतरवत होती. सरोजिनी कुंपणातून पलीकडे गेली, हाताची ओंजळ बुधाजीपुढे धरली आणि म्हणाली, "बघा. तुम्ही मारलेल्या या. सांगून सांगून दमले मी. तुम्हाला तुमचा वाल तेवढा दिसतो, दुसऱ्याच्या जिवाचं काही नाही."

तण काढणाऱ्या बायकांचे हात थांबले. सदू काहीतरी बोलायला पुढे झाला, तर बुधाजीने त्याला हाताने मागे सारलं. त्याने तिच्या ओंजळीतल्या माश्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"नाय मारत आजपासून," तो म्हणाला.

एवढंच. सरोजिनी परत फिरली. जाताना तिचं गौराबाईकडे लक्ष गेलं. गौराबाई टोपलीवरचं फडकं पुन्हा पुन्हा सारखं करत होती. तिने मान वर केली नाही.

त्या दुपारी गौराबाई चहाला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार-पाच दिवसांनी सरोजिनीने पाहिलं, तर कुंपणाची फट बाभळीची फांदी लावून बंद केली होती.

बुधाजीने शब्द पाळला. पावडरीची पुरचुंडी पुन्हा दिसली नाही. वालावर मात्र मावा पसरत गेला. आधी कोवळे शेंडे काळे पडले, मग फुलांचे तुरे चिकट होऊन माना टाकू लागले. कुंपणाच्या अलीकडून सरोजिनीला ते दिसत होतं. माघ लागला. आसपासच्या शेतांतून संध्याकाळी पोपटीचा धूर येऊ लागला. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर वालाच्या शेंगा भरून भाजायच्या, हे या भागातलं थंडीतलं सुख. दर वर्षी बुधाजीच्या बांधावर मडकं लागायचं आणि गौराबाई पहिला वाटा कुंपणातून द्यायची. यंदा त्यांच्या शेतात धूर झालाच नाही. भाजण्याजोग्या शेंगाच धरल्या नव्हत्या.

आणि माश्या मरतच होत्या.

हे सरोजिनीला आधी मान्य करवेना. मातीत मुरलेली पावडर असेल, दुसऱ्या कुणाच्या शेतातली असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण पंधरा-वीस दिवस उलटले, तरी पडणाऱ्या माश्या तेवढ्याच. शेवटी एका दुपारी तिने तांदूळ निवडायचं ताट घेतलं, पाट घेतला आणि ती थेट पेटीजवळ जाऊन बसली. काय शोधायचं हे तिला ठाऊक नव्हतं. घरात बसवत नव्हतं म्हणून बसली.

उन्हं अंगावर येत होती. माश्या येत होत्या, जात होत्या. ताटातले तांदूळ निवडून संपले, तेव्हा तिला फळीच्या खालच्या कडेला काहीतरी दिसलं. आधी वाटलं, लाकडाचा ढलपा असेल. मग त्या ढलप्याच्या पुढच्या टोकाला दोन केसांसारख्या मिशा हलल्या.

किडा होता. बोटाच्या पेराएवढा, काळा, पाठीवर पिवळसर चार ठिपके. डोकं निमुळतं, मान असावी तसं पुढे आलेलं, आणि त्यावर दोन्ही बाजूंना मण्यांसारखे डोळे. पुढचे दोन पाय बाकीच्या पायांपेक्षा जाड होते आणि ते त्याने छातीशी घेतले होते. डोक्याखाली एक बाकदार सोंड होती, ती पोटाच्या बाजूला दुमडून ठेवलेली. तो काहीच करत नव्हता. माश्या त्याच्या बोटभर अंतरावरून जात होत्या आणि त्यांना तो दिसतच नव्हता.

मग परागाने जड झालेली एक माशी फळीवर उतरायला चुकली आणि कडेला लटकली. किड्याचे पुढचे पाय कधी सुटले ते सरोजिनीला कळलंही नाही. माशी धरली गेली. चाकूचं पातं उघडावं तशी दुमडलेली सोंड सरळ झाली आणि माशीच्या मानेपाशी रुतली. माशीने दोन-चारदा पंख फडफडवले, मग ती गप्प झाली. किडा जागचा हलला नाही. माशी सोंडेला तशीच टोचून ठेवून तो निवांत बसून राहिला, जेवायला बसलेल्या माणसासारखा. बऱ्याच वेळाने त्याने पायाने तिला ढकललं. ती खाली पडली, तिचा आवाजही झाला नाही.

सरोजिनीने ती उचलली. तिचं नुसतं टरफल उरलं होतं. फुंकर मारली असती तर उडून गेलं असतं. आणि तिच्या ध्यानात आलं, की गेला दीड महिना झाडूने गोळा केलेल्या सगळ्या माश्या अशाच होत्या. हलक्या, कोरड्या, आत काही नसलेल्या. बुधाजीपुढे धरलेली ओंजळसुद्धा.

ती ताट मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. समोर कुंपणापलीकडे वालाचे काळे पडलेले तुरे दिसत होते.

तिने किड्याला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बघायला बसली. तसे आणखी दोन होते, एक दुसऱ्या पेटीच्या मागे, एक आंब्याच्या सालीच्या फटीत. वाट्यांतल्या पाण्याने मुंग्या अडवल्या होत्या, पण याला पंख होते. तिसऱ्या दिवशीही ती बसली. आता बघण्यासारखं नवीन काही नव्हतं, आणि तिला ते कळत होतं. गौराबाईच्या दारात जायचं टाळण्यासाठी ती तिथे बसत होती.

चौथ्या दिवशी तिने लोणच्याची रिकामी बरणी धुऊन कोरडी केली, काडीने एका किड्याला आत ढकललं, झाकण लावलं आणि ती रस्त्याने वळसा घालून बुधाजीच्या घरी गेली. कुंपणाची फट बंदच होती.

गौराबाई अंगणात सुपात वाल पाखडत होती. वाल थोडा होता, त्यातही निम्मा पोचट. तिने सरोजिनीला पाहिलं आणि पाखडणं चालू ठेवलं.

"बुधाजी आहेत?"

"कशेळ्याला गेल्यात. बाजाराला." सूप हलत राहिलं. "का? अजून काय मेलं काय?"

सरोजिनीने बरणी पुढे केली. "गौराबाई, माझ्या माश्या याने मारल्या. पावडरीने नव्हत्या मेल्या. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मी बुधाजींना उगाच बोलले."

सूप थांबलं. गौराबाईने बरणीकडे पाहिलं नाही, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग आता?"

"आता… सांगायला आले."

"वाल तर गेला. तुमी सांगितलं म्हणून परत येतोय काय?"

 सरोजिनी बरणी पुढे धरून उभीच राहिली. गौराबाईने सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि बरणी घेतली. "बघू तरी कोन हाय हा." तिने बरणी उजेडाकडे धरली. "ह्यो तर ढेकनावानी दिसतोय. ढेकनाचा बापच!"

"उघडू नका हो…"

पण झाकण निघालं होतं. शेतात जन्म गेलेल्या गौराबाईला माश्यांचं भय होतं, किड्यांचं नव्हतं. तिने दोन बोटांत त्याला धरून बाहेर काढला. किड्याने सोंड छातीवर घासली आणि किर्र असा बारीक आवाज आला.

"बया! ह्यो तर बोलतोय…" ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी किंचाळली. हात झटकला. किडा उडून कुठेतरी पडला. गौराबाई उजवं बोट डाव्या मुठीत आवळून खाली बसली. "आई गं! इंगळी चावल्यावानी झालं गं!"

सरोजिनी धावली. माठातलं पाणी तिच्या हातावर ओतलं, पुन्हा ओतलं. घरात जाऊन कांदा शोधला, चिरला, बोटावर चोळला. बोट बघता बघता टमटमून फुगलं. गौराबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सरोजिनी तिचा हात मांडीवर घेऊन चोळत राहिली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं, की हे रडणं आता बोटाचं राहिलेलं नाही.

"चार मानसांत बोललात तुमी त्येंना," गौराबाई म्हणाली. "सदू होता. त्या बाया होत्या, त्येनी गावभर केलं. वाल जायाचा तर जाऊ दे, दर साली कायतरी जातंच. पन मी तुमच्या पायरीवर रोज बसनारी. मला एकटीला येऊन बोलला असता तर? माज्या घरच्याला ओंजळ दाखवता?"

"चुकलं माझं."

"तुमी कंदी बोलत नाय असं. म्हणून जास्त लागलं."

सरोजिनीने मान हलवली. ती हात चोळत राहिली.

दिवस कलला. गौराबाईचा हात मनगटापर्यंत जड झाला होता, बोटं मिटत नव्हती. "भाकरी कशी करू आता," ती म्हणाली. सरोजिनी काही न विचारता चुलीपाशी गेली. तांदळाच्या पिठाची उकड काढली आणि परातीत मळायला घेतली. गौराबाई भिंतीला टेकून तिला सांगत होती, "पानी जास्त झालं… थापा की, घाबरता काय." पहिली भाकरी तव्यावर मोडली. दोघींनी ती मोडलेली भाकरी तिथेच वाटून खाल्ली.

बुधाजी आला तेव्हा अंधारून येत होतं. खांद्यावरची पिशवी उतरवता उतरवता त्याला आपल्या चुलीपुढे सरोजिनी बसलेली दिसली आणि तो उंबऱ्यातच थबकला. सरोजिनी पिठाच्या हातांनी उठली आणि तिने सगळं सांगितलं. पेटीखाली बसल्याचं, किड्याचं, सोंडेचं, टरफलासारख्या माशीचं. शेवटी म्हणाली, "मी तुमच्यावर नसता आळ घेतला. आणि त्यापायी तुमचा वाल गेला."

बुधाजी खाली बसला. त्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"म्हंजे मी नव्हत्या मारल्या?"

"नाही."

"खरंच ना, वयनी? का ही रडली म्हणून बोलताय?"

"खरंच. उद्या या, दाखवते."

 "मला वाटायचं, मीच मारल्या," तो म्हणाला. "तुमच्या ओंजळीत त्या बघितल्या ना, तवापासून जेवन गोड लागंना. कुनाचं घर मोडावं तसं वाटलं. हिला पन बोललो नाय." मग त्याने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं, आणि सरोजिनीने इतक्या वर्षांत प्रथमच त्याला मोकळं हसताना पाहिलं. "वालाचं काय नाय. मावा पावडरीनं तरी कुठं गेला असता सगळा. पुढल्या साली बघू. भाकरी वाढा."

पुढच्या आठवड्यात मध केंद्राचा माणूस फेरीवर आला. त्याला सरोजिनीने किडे दाखवले. तो म्हणाला, "शिकारी ढेकूण. पेटीवर दिसला की ठेचायचा." त्याने सांगितलं तसं करायला तिचा हात धजेना. तिने उरलेले दोन्ही काडीने बरणीत घेतले आणि रस्त्यापलीकडच्या दगडांच्या ढिगात नेऊन सोडले. पुन्हा येतील तेव्हा पुन्हा नेऊन सोडू, असं तिने ठरवलं. पेटीखालच्या माश्या कमी झाल्या. अगदी बंद झाल्या नाहीत, पण दुसऱ्या पेटीतली ये-जा पुन्हा वाढली.

शिमगा जवळ आला होता. एका सकाळी बाभळीची फांदी बाजूला सरली आणि गौराबाई आत आली. बोटावर काळी खपली धरली होती.

"चला, वयनी. कायतरी दाखवते. भ्यायचं नाय."

ती सरोजिनीला बांधावर घेऊन गेली. तिथे सैल दगडांच्या रचणीत मुंग्यांची रांग लागलेली होती. गौराबाई उकिडवी बसली आणि तिने बोट दाखवलं. एका दगडाच्या पोटाशी धुळीचा एक छोटासा गोळा पडला होता. सरोजिनी बघत राहिली. गोळा दोन पावलं चालला आणि थांबला. पुन्हा एक पाऊल चालला.

ती गुडघ्यांवर खाली वाकली. धुळीच्या थराखाली सहा बारीक पाय होते, आणि पुढे तीच बाकदार सोंड. पिल्लू होतं ते, अजून पंख न फुटलेलं. पाठीवर मातीचे कण होते आणि त्यांवर, एकीवर एक, मेलेल्या मुंग्यांची सुकलेली टरफलं चिकटवलेली होती. रांगेतली एक मुंगी त्या ढिगाला हुंगायला आली, मिशा लावून पाहिल्या, आणि आपल्यातलंच काही असेल असं समजून पुढे निघाली. तेवढ्यात ढिगातून दोन पाय बाहेर आले.

दोघी श्वास रोखून बघत होत्या. मुंगी शोषून झाली. पिल्लाने मागच्या पायांनी तिला उचलून धरलं, चाचपडलं, आणि पाठीवरच्या बाकीच्यांमध्ये नीट बसवून टाकलं.

"बया बया," गौराबाई पुटपुटली. "मड्यांची गोधडी पांघरलीय की मेल्यानं!"

सरोजिनीला हसू आवरेना. तिने तोंडावर पदर धरला. गौराबाईही हसू लागली, आणि हसता हसता तिने सरोजिनीचा खांदा धरला, नाहीतर तोल जाऊन ती बांधावरून खालीच गेली असती.

शेताच्या त्या टोकाला बुधाजी वालाच्या वाळक्या काड्या उपटत होता. त्याने मान वर केली. "काय हाय गं तिथं? साप हाय काय?"

"गप ऱ्हावा!" गौराबाई ओरडली. "हळू या. पाय वाजवू नका."

बुधाजीने हातातल्या काड्या खाली ठेवल्या आणि तो ढेकळांमधून, चवड्यांवर तोल सांभाळत, त्यांच्याकडे यायला निघाला.